दुःखाची गोष्ट लिहावी का?



नाताळच्या अंकासाठी कथा मागवल्या की एक तक्रार हमखास कानी येते. "फादर, संसारात दुःख काय कमी आहे? निदान गोष्टीत तरी काही हसरं-खेळतं येऊ द्या." तक्रार करणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. पहाटेची लोकल पकडून, दिवसभर राबून, उभ्यानेच परत आलेल्या माणसाने जेवण उरकून अंक हाती घ्यावा आणि त्यात कुणाचे तान्हे दगावलेले, कुणाचा संसार मोडलेला, कुणाला जगणे नकोसे झालेले वाचावे, हे कशासाठी? मनोरंजन म्हणावे तर ते होत नाही. बोध म्हणावा तर तो रविवारच्या प्रवचनात मिळतोच (मिळतो, अशी आमची आशा आहे!).

लिहिणाऱ्यांकडे याचे एक उत्तर तयार असते. ते म्हणतात, "वाचताना कुणाला तरी वाटावे की आपले मन कुणीतरी ओळखले, म्हणून आम्ही लिहितो." हे उत्तर ऐकायला गोड आहे, पण ते खरे आहे का? जे माणूस कधी जन्मालाच आले नाही, त्याचे दुःख वाचून जिवंत माणसाचे दुःख हलके कसे होईल? आणि दुसऱ्याच्या वेदनेची गोष्ट करण्याचा अधिकार लेखकाला दिला कुणी? आजच्या लेखात या दोन प्रश्नांचा थोडा सावकाश विचार करू.

आमच्या ओळखीच्या एका भगिनीने मध्यंतरी एक कथा लिहिली. पहिलटकरीण आई, बाळ गोंडस, सासरची माणसे चांगली, बाप्तिस्म्याच्या दिवशी सारे गाव जेवून गेलेले. आणि आईच्या मनात बाळाविषयी काहीच उमटत नाही. ती त्याला पाजते, न्हाऊमाखू घालते आणि रात्री भिंतीकडे तोंड करून पडून राहते. डॉक्टर या अवस्थेला प्रसूतीनंतरचे नैराश्य म्हणतात आणि उपचारांनी ते बरे होते. कथेत मात्र हा शब्द कुठेही नव्हता. घरची मंडळी रागावली. "लोक म्हणतील, ही आपल्याच घरातली गोष्ट!" खरे तर लेखिकेने ती कुणा एकीवर बेतली नव्हती. पण अंक हातोहात फिरला आणि तीन वेगळ्या घरांतल्या तीन स्त्रिया तिला येऊन म्हणाल्या, "ही माझी गोष्ट तुला कुणी सांगितली?" त्यांतली एक साठी ओलांडलेली होती. चाळीस वर्षे तिने स्वतःला वाईट आई समजून काढली होती.

एक कल्पित बाई तीन खऱ्या बायकांची कशी झाली? हे कोडे नवे नाही. मोठमोठ्या लोकांनी त्यावर डोके चालवले आहे आणि त्यांतल्या काहींनी कथा-नाटकांच्या विरोधात कौल दिला आहे. प्लेटोला वाटे, नाटकातल्या शोकाने मनातला जो भाग आवरायला हवा त्यालाच खतपाणी मिळते; म्हणून त्याने आपल्या आदर्श नगरीतून कवींना बाहेरचा रस्ता दाखवला. संत ऑगस्टीन यांची तक्रार अधिक बारीक आहे आणि आम्हाला ती अधिक गंभीर वाटते. आपल्या आत्मनिवेदनात ते सांगतात की, शाळकरी वयात व्हर्जिलच्या काव्यातील डायडो राणीच्या मरणावर आपण रडलो, पण स्वतःच्या आत्म्याची दुरवस्था पाहून डोळ्यांत पाणी आले नाही. पुढे कार्थेज शहरात त्यांना नाटकांचा नाद लागला. त्याविषयी ते विचारतात की, ही कसली दया? रस्त्यावरचे दुःख पाहिले तर माणसाने मदतीला धावायचे असते. रंगमंचावरचे दुःख प्रेक्षकाला मदतीला बोलावत नाही, नुसते रडायला बोलावते. आणि जितके जास्त रडू येईल तितका प्रेक्षक खूश!

हा बाण नेमका लागतो. सायंकाळी मालिका पाहताना पदराने डोळे पुसायचे आणि शेजारच्या खोलीत म्हातारी सासू पाणी मागत असेल तर आवाज वाढवायचा, असे दृश्य कुणी पाहिलेच नाही असे कोण म्हणेल? दुःखाची चटक लागू शकते. काही लेखक ती लावतातही. पानापानावर मरण, ओळीओळीला हुंदका. असे लिखाण वाचून माणूस स्वतःवर प्रसन्न होतो, "किती हळवे हो आपले मन!" आणि तिथेच थांबतो. संत ऑगस्टीन यांची तक्रार अशा लिखाणाविषयी पूर्णपणे खरी आहे.

पण त्यांनी विचार केला तो सुखरूप प्रेक्षकाचा. जो स्वतः त्या दुःखात आहे, तो ते नाटक पाहायला बसला तर? त्या तीन स्त्रियांना कुणाची दया करायची नव्हती. त्यांना स्वतःलाच काही हवे होते. ते काय, हे शोधायला आम्ही दुसऱ्या एका संताकडे जातो. तेराव्या शतकातले संत थॉमस अक्वायनस हे तत्त्वज्ञ होते, शरीराने स्थूल, बोलायला कमी. त्यांच्या ग्रंथाची पाने उलटताना कुणालाही वाटावे की या माणसाला तर्काखेरीज काही ठाऊक नसावे. पण त्यांच्या 'सुम्मा थिऑलॉजिका' या महाग्रंथात 'दुःखावरचे उपाय' या विषयावर एक सबंध प्रश्न खर्ची घातला आहे. उपाय पाच. सुख देणारी कुठलीही गोष्ट, अश्रू, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, आणि शेवटी झोप व स्नान. होय, झोप आणि स्नान! आमचे तत्त्वज्ञानाचे शिक्षण झाले तेव्हा वर्गात या शेवटच्या उपायावर हशा पिकला होता. आज शोकाकुल घरांत ये-जा केल्यावर हा उपाय किती जाणत्या माणसाने सांगितला आहे हे कळते.

आपल्याला इथे तिसरा उपाय पाहायचा आहे. मित्राने आपल्याबरोबर दुःख केले की आपले दुःख कमी का होते? खरे तर वाढायला हवे, कारण आता दोघे दुःखी. थॉमस दोन कारणे देतात. पहिले असे की, दुःख हे ओझ्यासारखे आहे आणि दुसरा खांदा लावतो आहे असे वाटले की भार हलका भासतो. दुसरे कारण ते अधिक चांगले मानतात. मित्र आपल्यासाठी दुःखी झाला यावरून त्याचे आपल्यावर प्रेम आहे हे आपल्याला दिसते, आणि प्रेम दिसण्यात सुख आहे.

आता ही दोन्ही कारणे पुस्तकाला लावून पाहा. पुस्तकातले पात्र माझ्या ओझ्याला खांदा लावत नाही. त्याला खांदाच नाही. लेखकाचे माझ्यावर प्रेम आहे म्हणावे, तर त्याला माझे नावही ठाऊक नाही, आणि बहुधा तो कधीच मरून गेलेला असतो. म्हणजे पुस्तक हा मित्र नव्हे. 'ग्रंथ हेच गुरू, ग्रंथ हेच मित्र' असे वाचनालयांच्या भिंतींवर लिहिलेले असते. गुरूबद्दल आमचे काही म्हणणे नाही, मित्राबद्दल मात्र जरा सांभाळून बोलावे. पुस्तक "जेवलास का?" म्हणून विचारत नाही.

मग त्या साठीच्या बाईला काय मिळाले? आमच्या समजुतीप्रमाणे दुःखाचे दोन थर असतात. एक प्रत्यक्ष वेदना. दुसरा, त्या वेदनेवर आपणच आपल्याविरुद्ध दिलेला निकाल: 'असे फक्त मलाच होते, म्हणजे माझ्यातच काही बिघडले आहे.' तिची मूळ वेदना चाळीस वर्षांपूर्वीच ओसरली होती. मूल मोठे झाले, त्याचे लग्न झाले, नातवंडे अंगाखांद्यावर खेळली. निकाल मात्र तसाच राहिला, कारण तो कुणाला सांगितलाच नव्हता आणि न सांगितलेल्या निकालावर अपील होत नाही. कथेने तिच्या वेदनेला हात लावला नाही. तो निकाल तेवढा फिरवला. तिला एक सत्य कळले की, हे माणसांना होते. म्हणजे कथेने थॉमस यांचा चौथा उपाय केला, सत्याचे चिंतन. आणि तो तिसऱ्याचे, म्हणजे मित्राचे कपडे घालून आला म्हणून तिने दार उघडले.

कुणी म्हणेल, सत्यच सांगायचे तर खरी हकिगतच सांगा की, कल्पित कशाला? याला ॲरिस्टॉटलने फार पूर्वी उत्तर देऊन ठेवले आहे. इतिहास घडले ते सांगतो आणि काव्य घडू शकते ते सांगते, म्हणून काव्य तत्त्वज्ञानाला अधिक जवळचे, असे तो म्हणतो. खरी हकिगत ऐकली की आपण म्हणतो, "अरेरे, अमक्या बाईचे असे झाले." नाव असते, गाव असते, आणि आपण तिथून सुरक्षित अंतरावर उभे असतो. गोष्टीतल्या बाईला आडनाव नसते, तिची जागा मोकळी असते, ज्याला बसायचे त्याने बसावे. नाथान संदेष्ट्याला हे ठाऊक होते. दावीद राजाला त्याने आरोपपत्र वाचून दाखवले असते तर राजाने कदाचित पहारेकरी बोलावले असते. त्याने एका गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली, आणि राजा आपल्याच पायांनी गोष्टीत शिरला.

परंतु सगळ्याच दुःखाच्या गोष्टींना हे साधत नाही. आपल्या मराठीतलीच दोन उदाहरणे घेऊ. बाबा पदमनजी यांनी 1857 साली 'यमुनापर्यटन' लिहिले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचा मान आहे आणि ती एका ख्रिस्ती लेखकाने लिहिली याचा आपल्याला अभिमान वाटतो. यमुना आपल्या पतीबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या ऐकते, पुढे तिच्यावरही वैधव्य येते आणि शेवटी ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. विधवांच्या हालांवर त्या काळात असे लिहिणे धाडसाचे होते. तीसेक वर्षांनी हरि नारायण आपटे यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' लिहिली. 1890 साली त्यांनी सुरू केलेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून ती क्रमशः आली. तिची नायिकाही यमुनाच, घरची यमू. तीही विधवा होते, तिचेही केशवपन होते. पण इथे यमू स्वतः बोलते. माहेरचे घर, आईचे आजारपण, भावाशी गुजगोष्टी, नवऱ्याने शिकवलेली अक्षरे, सगळे ती आपल्या तोंडाने सांगते, आणि वाचक शंभर वर्षांनंतरही तिच्या शेजारी जाऊन बसतो.

दोन यमुना, दोघींचे दुःख एकच, हेतूही चांगलेच. फरक कुठे पडला? पदमनजींच्या पुस्तकात उत्तर आधीपासून तयार आहे आणि प्रत्येक विधवा त्या उत्तराचा पुरावा म्हणून येते. आपट्यांनाही सुधारणा हवीच होती. पण त्यांनी यमूला पुरावा केले नाही. आम्ही धर्मगुरू आहोत आणि पदमनजींच्या उत्तरावर आमचा विश्वास आहे, तरी वाचक म्हणून आम्हाला हे सांगितले पाहिजे की, ज्या दुःखी माणसाला आपला पुरावा म्हणून वापर होतो आहे अशी शंका येते, त्याला आपण समजले गेलो असे वाटत नाही. आपल्या अंकांसाठी येणाऱ्या कथांतही हा दोष फार. दारुडा नवरा दुसऱ्या पानावर बायकोला मारतो, तिसऱ्या पानावर तपसाधनेला जातो आणि चौथ्या पानावर गायकवृंदात गातो. ज्या घरात खरोखर दारू आहे त्या घरातली बायको ही कथा वाचून काय म्हणत असेल? 'माझा चौथ्या पानावर का पोहोचत नाही? माझी प्रार्थना कमी पडते का?' म्हणजे तिचे दुःख होते तेवढेच राहिले आणि वर निकाल आणखी एक चढला.

ईयोबाचे मित्र असेच चुकले. ते वाईट नव्हते. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत. तोवर सारे ठीक होते. मग त्यांनी तोंड उघडले आणि स्पष्टीकरणे सुरू झाली. ग्रंथाच्या अखेरीस परमेश्वर रागावतो तो या स्पष्टीकरण देणाऱ्यांवर. तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे.

स्पष्टीकरणाचा मोह टाळून सांत्वन कसे लिहावे, याचा सर्वांत मोठा धडा आम्हाला एका रशियन कादंबरीत सापडतो. फ्योदोर दस्तयेवस्की यांचा धाकटा मुलगा अल्योशा मे 1878 मध्ये मिरगीच्या झटक्याने वारला. तो तीन वर्षांचाही झाला नव्हता. मिरगी स्वतः दस्तयेवस्कींना होती; म्हणजे आपलाच आजार मुलाला भोवला, हा सल आणखी. त्यांची पत्नी ॲना हिने आठवणींत लिहून ठेवले आहे की, पती आतून पार खचले होते आणि तिने आग्रह केला म्हणून ते तरुण तत्त्वज्ञ व्लादिमिर सोलोव्ह्योव्ह यांच्याबरोबर ऑप्टिना या मठात गेले. तिथे अँब्रोझ नावाचे वृद्ध तपस्वी होते. दस्तयेवस्की त्यांना भेटले, बोलले आणि घरी परतून 'करामाझोव्ह बंधू' ही कादंबरी लिहू लागले. 1879 आणि 1880 या दोन वर्षांत ती मासिकातून प्रसिद्ध झाली. तिच्या नायकाचे नाव अल्योशा आहे.

कादंबरीच्या सुरुवातीच्या भागात मठाच्या दाराशी जमलेल्या खेडवळ बायांमध्ये एक आई आहे. तिचा मुलगा गेला, तीन वर्षांना तीन महिने कमी असताना. त्याचे नाव अलेक्सेई, म्हणजे अल्योशाच. तिला त्याच्या इवल्या पावलांचा आवाज आठवतो. त्याचा छोटा कमरपट्टा तिने जवळ ठेवला आहे. वृद्ध साधू झोसिमा आधी तिला तेच सांगतात जे आपल्याकडे मयताच्या घरी सगळे सांगतात: बाळ देवदूतांत आहे, देवाजवळ आहे. ती म्हणते, नवराही मला हेच सांगतो. हे ती नाकारत नाही, पण तिचे रडणे थांबत नाही. आणि मग झोसिमा मार्ग बदलतात. सांत्वन करून घेऊ नकोस, असे ते तिला सांगतात. तुला सांत्वनाची गरज नाही, रड. मात्र रडताना आठव की तो तुझ्याकडे पाहतो आहे. आईचे हे रडणे पुष्कळ दिवस चालेल आणि हळूहळू ते शांत होत जाईल.

ॲनाने पुढे लिहिले आहे की, हे शब्द अँब्रोझ यांनी तिच्यासाठी पाठवलेल्या सांत्वनावरून आले आहेत. जरा विचार करा. एका बापाला एका साधूने दिलेले शब्द त्याने स्वतःच्या नावावर सांगितले नाहीत. लेखकाने आपले दुःख एका गाडीवानाच्या निरक्षर बायकोला देऊन टाकले, आणि तिच्या पदरातून ते आजवर कितीतरी आईबापांनी घेतले. आपण हे झोसिमांचे बोलणे मयताच्या घरी जाताना पाठ करून जावे असे मुळीच नाही. पण 'रडू नको' असे म्हणण्याऐवजी 'रड' म्हणता येते, एवढे जरी ध्यानात राहिले तरी पुष्कळ.

आता दुसरा प्रश्न, अधिकाराचा. ज्याने भोगले त्यानेच लिहावे, असे हल्ली बरेच जण म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण तो नियम केला तर आपटे यमू लिहू शकले नसते. ते पुरुष होते आणि पंचविशीत होते. आम्हा धर्मगुरूंच्या एकाकीपणाविषयी आम्ही वाचलेले सर्वांत खरे पुस्तकही धर्मगुरूने लिहिलेले नाही. झॉर्झ बेर्नानोस हे फ्रेंच लेखक, संसारी, सहा मुलांचे वडील. 1936 साली त्यांनी 'एका खेड्यातील धर्मगुरूची रोजनिशी' ही कादंबरी लिहिली. तिच्यातला तरुण फादर आजारी, अवघडलेला, गावाला नकोसा झालेला. वर्षानुवर्षे मुलाच्या मृत्यूने आतून गोठलेल्या एका जमीनदारणीला तो एका भेटीत शांती देतो, आणि ही शांती त्याच्या स्वतःजवळ नसते. मिस्सा आटोपून, दिवे मालवून रिकाम्या चर्चमधून खोलीकडे जाणाऱ्या कितीतरी फादरांना या पुस्तकाने सोबत केली असेल. बेर्नानोस यांना हे कसे कळले? त्यांनी बराच काळ, लक्ष देऊन, घाई न करता एका माणसाकडे पाहिले असले पाहिजे. असे पाहणे हे प्रेमाच्या फार जवळ जाते. पुस्तक मित्र नव्हे असे आम्ही वर म्हटले ते कायम ठेवून एवढी भर घालतो की, लेखक माझे नाव जाणत नसला तरी त्याने माझ्यासारख्या कुणाकडे तरी असे पाहिले होते, हे वाचकाला जाणवते.

तेव्हा आमच्या मते अधिकार भोगण्यातून येतो तसा पाहण्यातूनही येतो; पण दुसऱ्याच्या विश्वासाचा घात करून मात्र येत नाही. आम्हा धर्मगुरूंपुरता हा प्रश्न ख्रिस्तसभेच्या कायद्याने मिटवला आहे. कलम 983 नुसार पापनिवेदनाची गुप्तता अभंग आहे, आणि कलम 984 तर सांगते की, उघडकीला येण्याचा धोका नसला तरीही तिथे मिळालेली माहिती त्या व्यक्तीला जाच होईल अशा रीतीने वापरायची नाही. इतरांना हे कलम लागू नाही, पण त्यातली समज लागू व्हायला हरकत नसावी. मैत्रिणीने रात्री फोनवर रडत सांगितलेले नाव बदलून छापले, तर गावाला नाही तरी त्या मैत्रिणीला कळतेच. थोर लेखकही इथे घसरले आहेत. गटेने 1774 साली 'तरुण वेर्थरची दुःखे' लिहिली तेव्हा ओळखीच्या एका तरुणाचा दोन वर्षांपूर्वीचा मृत्यू आणि एका मित्रदांपत्याचा संसार त्यात सरळ उचलला. मित्र दुखावला गेला, आणि त्याचे चुकले असे आम्हाला वाटत नाही.

'वेर्थर'चा उल्लेख झालाच आहे तर तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. प्रेमभंगाने जीव देणाऱ्या या नायकाच्या पायी युरोपभर तरुण वेडे झाले, त्याच्यासारखा निळा कोट आणि पिवळे जाकीट घालू लागले. काहींनी त्याच्यामागोमाग जीव दिला अशी भीती पसरली आणि 1775 साली लाइपझिग शहराने पुस्तकाच्या विक्रीवर बंदी घातली. त्याच वर्षीच्या नव्या आवृत्तीत गटेने वाचकाला 'माझ्यामागे येऊ नकोस' अशा अर्थाचा इशारा जोडला. पुढे 1974 साली डेव्हिड फिलिप्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने, गाजावाजा झालेल्या आत्महत्येच्या बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात असे दाखवून या प्रकाराला 'वेर्थर परिणाम' हे नाव दिले. म्हणजे 'मला समजून घेणारे कुणी भेटले' ही भावना माणसाला कड्यापासून मागे ओढू शकते तशी कड्याकडे नेऊही शकते.

मागे ओढणाऱ्या परिणामालाही आता नाव आहे. मोझार्टच्या 'जादूची बासरी' या 1791 सालच्या संगीतिकेत पापागेनो नावाचा पारधी निराश होऊन जीव द्यायला निघतो, तेव्हा तीन मुले त्याला त्याच्याजवळच्या घंटांची आठवण देतात आणि तो वाचतो. व्हिएन्नाच्या संशोधकांनी 2010 साली असे मांडले की, टोकाचा विचार मनात येऊनही संकटातून तरून गेलेल्या माणसांविषयीच्या लिखाणाचा संबंध आत्महत्या कमी होण्याशी दिसतो. याला ते 'पापागेनो परिणाम' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली चित्रपट आणि नाटके करणाऱ्यांसाठी मार्गदर्शिकाच काढली. तिच्यातले सांगणे साधे आहे. मरणाचा मार्ग दाखवू नका, एकाच कारणावर सारे ढकलू नका, मदत मिळू शकते हे दिसू द्या. आपल्या एकांकिका लिहिणाऱ्या तरुणांनी शेवटच्या प्रवेशात टाळ्यांसाठी नायकाला मारण्याआधी हे वाचावे. प्रेक्षागृहात तिसऱ्या रांगेत कोण बसले आहे हे आपल्याला माहीत नसते. (वाचकांपैकी कुणाच्या मनात असे विचार घोळत असतील, तर भारत सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस, मोफत चालू असतो. धर्मगुरूंचे दारही ठोठवावे; अपरात्री ठोठावले तरी चालेल.)

कुणी विचारील, चर्चच्या पत्रकात कादंबऱ्यांची एवढी चर्चा कशाला? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जुलै 2024 मध्ये खास साहित्यवाचनावर एक पत्र लिहिले. सुरुवातीला ते भावी धर्मगुरूंसाठी लिहायचे ठरले होते, पुढे त्यांनी ते सर्वच श्रद्धावंतांना उद्देशून लिहिले. त्यात ते तरुणपणी सान्ता फे येथील शाळेत साहित्य शिकवत असतानाची आठवण सांगतात. मुलांना अभ्यासक्रमातले जुने वीरकाव्य नको होते, आपल्या काळचा कवी हवा होता. त्यांनी वीरकाव्य घरी वाचायला दिले आणि वर्गात मुलांना आवडणारे लेखक घेतले. दुसऱ्याच्या आवाजाने बोललेले ऐकायला शिकणे हे धर्मगुरूच्या तयारीतच मोडते, असे त्या पत्राचे एकंदर म्हणणे आहे.

आमची लेखकांना विनंती आहे की, त्यांनी दुःखाची गोष्ट लिहावी, घरचे रागावले तरी लिहावी, आणि शेवट गोड करण्याची घाई करू नये. वाचकांना विनंती आहे की, कथा वाचून "ही कुणाची गोष्ट?" असा शोध गावभर घेऊ नये. आणि गोष्ट वाचून ज्याला वाटेल की ही माझीच आहे, त्याने अंक मिटून एकट्याने बसून राहू नये. कुणाकडे तरी जावे. त्या तीन स्त्रिया लेखिकेकडे गेल्या. लेखिका म्हणाली, "आता तुम्ही तिघी एकमेकींना भेटा."

दस्तयेवस्कींच्या त्या आईचा प्रसंगही मठाच्या दारात संपत नाही. मुलगा गेल्यापासून ती नवऱ्याला एकटे टाकून तीर्थे करत हिंडते आहे, आणि तो तिकडे पुन्हा पिऊ लागला आहे. झोसिमा तिला म्हणतात, तू घरी नाहीस तर मुलाने आईबापांना एकत्र कुठे पाहायचे? आजच परत जा. ती म्हणते, जाते, आजच जाते, आणि चालता चालता नवऱ्याचे नाव घेऊन त्याच्याशी बोलू लागते.